पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव

दाभणकाकांच्या पलंगाखाली सहाशे बारा चावट पुस्तकं होती, आणि त्यांतलं एकही त्यांनी चावटपणासाठी घेतलेलं नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं असतं, तर समोरच्याने आधी पोटभर हसून घेतलं असतं आणि मग काळजीने पाण्याचा ग्लास पुढे केला असता. म्हणून ते सांगत नसत. तसंही त्यांच्या खोलीत सांगायला होतं कोण? एक पलंग, एक टेबल, खिडकीशी खुर्ची, भिंतीवर बायकोचा फोटो, आणि पलंगाखाली टॉवेल गुंडाळलेल्या, पाठमोऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या, केस मोकळे सोडलेल्या सहाशे बारा बायका. इतक्या बायका घरात असून माणूस इतका एकटा असू शकतो, हे पाहायला तरी कोणी यायला हवं होतं.

काका जन्मभर बाइंडर होते. पुस्तकं शिवायची जी जाड सुई असते, तिला दाभण म्हणतात. उंच, किडकिडीत, मान किंचित पुढे झुकलेली, म्हणून छापखान्यात कोणीतरी त्यांना ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. बायको जाऊन सोळा वर्षं झाली. एक मुलगी, ती दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात, नवरा आणि दोन पोरांसह.

मुलीचा फोन रविवारी सकाळी अकराला यायचा. संभाषण ठरलेलं.

“जेवलात का?”

“जेवलो.”

“औषध घेतलं?”

“घेतलं.”

“बरं, ठेवते.”

तीन मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यातलं “जेवलो” हे तर निव्वळ खोटं असायचं. फोन ठेवला की काका कालच्या पावाचा तुकडा चहात बुडवून उभ्याउभ्याच खात. एकट्यासाठी रविवारी कोण रांधत बसणार?

पूर्वी असं नव्हतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत मुलगी महिन्यातून एकदा पोरांना घेऊन यायची. एकदा खेळताना धाकट्या नातवाचा चेंडू पलंगाखाली गेला. नातू चेंडू आणायला आत शिरला आणि बाहेर आला तो पुस्तक घेऊन. मुखपृष्ठावर एक बाई आणि तिच्या अंगावर जेमतेम एक टॉवेल. “आजोबा, हिला थंडी नाही वाजत?” नातवाने विचारलं. मुलीने वाकून पलंगाखाली पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली, पोरांच्या चपला शोधल्या, आणि दुपारच्या गाडीऐवजी सकाळच्याच गाडीने परत गेली. काका तोंडात गुळणी धरल्यासारखे बसून राहिले. त्यानंतर ती आली नाही. फोन तेवढा राहिला.

खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पुस्तकांचं सांगायचं तर आधी चूक सांगावी लागली असती, आणि ती चूक काकांनी पंचेचाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

गोष्ट अशी. काका एकवीस वर्षांचे असताना एका छापखान्याच्या बाइंडिंग विभागात लागले. छापखान्याचा मालकच प्रकाशक. वरच्या मजल्यावर शाळेची क्रमिक पुस्तकं आणि प्रवचनं, तळघरात पिवळी पुस्तकं. घर चालायचं ते तळघरावर, आणि हे वरच्या मजल्यालाही ठाऊक होतं. पिवळ्या पुस्तकांचे लेखक मागच्या जिन्याने यायचे, हस्तलिखित कोटाच्या आत दडवून. मुखपृष्ठावर नावं एकाहून एक दणदणीत: डॉक्टर, बॅरिस्टर, कॅप्टन. डॉक्टर हा शाळामास्तर होता; त्याच्या नायिका ऐन मोक्याच्या क्षणी समोरच्याची चूक सुधारत. बॅरिस्टर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या पुस्तकांत कोणी कोणाला मिठी मारली तरी ती नऊ वाजून सतरा मिनिटांनीच. काकांना पुढे नाव झाकूनही कोणतं पुस्तक कोणाचं ते ओळखता यायचं. मसाला सगळ्यांचा सारखाच, पण दोन मसाल्यांच्या मधे पानं भरायला जो मजकूर लागतो, त्यात माणूस सापडतो.

मालकाचा नियम एकच होता: “सलग तीन पानांच्या वर कोणी अंगभर कपड्यात राहता कामा नये.” लेखक तो पाळत.

कॅप्टनला मात्र कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्याची हस्तलिखितं पोस्टाने यायची. बारीक, सरळ अक्षर, खाडाखोड नाही. कॅप्टनच्या बायका कामावर जायच्या, पायात गोळे येईपर्यंत उभ्या राहायच्या, घरी येऊन एकच कप विसळायच्या. मग नियमाप्रमाणे व्हायचं ते व्हायचं. त्याचं नववं पुस्तक आलं, ‘दुसऱ्या पाळीतली’. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका बाईची गोष्ट.

आता पुस्तक बांधतात कसं, ते दोन ओळींत सांगायला हवं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. पहिला फर्मा, दुसरा फर्मा, अशा गड्ड्या टेबलावर ओळीने मांडायच्या, प्रत्येकीतून एकेक उचलत जायचं, की झालं पुस्तक जुळून. फर्म्याच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो पाहून गड्ड्या लावायच्या. काकांनी सहाचा आकडा पाहिला आणि गड्डी लावली. आकडा सहाच होता, पण पुस्तक दुसरं होतं. बॅरिस्टरच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकाचे उरलेले फर्मे शेजारच्या फळीवर होते, तेच कॅप्टनच्या पुस्तकात गेले. एका पुस्तकात नव्हे, साऱ्या आवृत्तीत. आणि फळीवर मागे राहिलेली कॅप्टनची खरी गड्डी? तिला उरलासुरला माल समजून काकांनी यंत्राखाली घातलं आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर, मुखपृष्ठ चिकटवण्याआधी, मजबुतीसाठी रद्दी कागदाची अशी पट्टी खळीने चिकटवतात. पुढचं दीड वर्ष त्या छापखान्यातून निघालेल्या प्रत्येक पिवळ्या पुस्तकाच्या पाठीत कॅप्टनच्या सोळा पानांचा एकेक तुकडा जात राहिला.

एकाही वाचकाने तक्रार केली नाही. ऐंशीव्या पानावर टेलिफोनवाली बाई पिशवी घेऊन जिना उतरते, एक्क्याऐंशीव्या पानावर कोणी भलतीच बाई नावेत भलत्याच माणसाबरोबर नऊ वाजून सतरा मिनिटांनी, आणि सत्त्याण्णवाव्या पानावर टेलिफोनवाली पुन्हा हजर, दुसऱ्या गावात. पुस्तक हातोहात खपलं. दुसरी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा छपाईच्या अक्षरांचे खिळे केव्हाच सुटे झाले होते आणि हस्तलिखित बंबात गेलं होतं. म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर छापील प्रत ठेवली गेली. त्याने ती नावेसकट इमानदारीने पुन्हा जुळवली. चूक होती ती आता कायमची झाली.

दुसरी आवृत्ती बाजारात गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी: ‘पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव माझी नाहीत. माझी कुठे आहेत?’ खाली सही, कॅप्टन. पत्ता नाही. मालकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं, खो खो हसला आणि कचऱ्यात टाकलं. “लोकांना हवं ते मिळालंय,” तो म्हणाला. “याला काय करायचंय?” संध्याकाळी सगळे गेल्यावर काकांनी ते कार्ड उचलून खिशात घातलं. कॅप्टनचं दहावं पुस्तक कधीच आलं नाही.

माणूस संसाराला लागला की असल्या गोष्टी कप्प्यात जातात. कार्डही कपाटाच्या कप्प्यात गेलं. छापखाना बंद पडला, मुलीचं लग्न झालं, बायको गेली. बायको गेल्याच्या वर्षी काका संध्याकाळ घालवायला रस्तोरस्ती भटकायचे. शहरात एक बंद पडलेलं थिएटर होतं, त्याच्या जिन्याखाली एक माणूस जुनी पुस्तकं विकायचा. तिथे एका पिवळ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ निघालेलं, पाठ उघडी पडलेली. बाइंडरचा डोळा आधी पाठीकडेच जातो. पाठीवरच्या पट्टीवर चार ओळी होत्या: कोणी एक मुलगी बापाच्या सदऱ्याला बटण लावते आहे आणि दोरा दाताने तोडते आहे. पिवळ्या पुस्तकात बटणं निघतात, लागत नाहीत. काका तिथेच पायरीवर बसले. त्या सोळा पानांत काय होतं ते आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर आलं होतं.

तिथून हा नाद सुरू झाला. त्या दीड वर्षातली, त्या छापखान्याची मिळतील ती पुस्तकं काका घेऊ लागले. घरी टेबलावर पुस्तकाच्या पाठीला ओली खळ फासायची, तासभर थांबायचं, जुना डिंक सैल झाला की बोथट सुरीने पट्टी उचलायची, टीपकागदात वाळवायची. मग नवी कोरी पट्टी लावून पुस्तक होतं त्याहून मजबूत बांधून ठेवायचं. कधी नवा तुकडा निघायचा, बहुतेक वेळा जुनाच. दोरा तोडणारी मुलगी एकवीस वेळा आली. एकच पुस्तक पाच-पाचदा घ्यावं लागे, कारण प्रत्येक प्रतीच्या पाठीत तुकडा वेगळा.

“शौकीन काका, हे तर तुम्ही मागच्या महिन्यातच नेलं होतं,” दुकानदार म्हणायचा.

“असू दे. दे.”

“वाचून संपत नाही वाटतं?”

काका पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घ्यायचे. आसपासच्या गिऱ्हाइकांना हसू यायचं. मी पुस्तकं वाचत नाही, पाठी वाचतो, असं सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

सोळा पानांचे एकूण अठ्ठेचाळीस तुकडे होते, सोळा वर्षांत त्यांतले सत्तेचाळीस जमले. गोष्ट अशी निघाली: पिशवी घेऊन जिना उतरलेली ती बाई बापाच्या खोलीवर जाते. बाप आजारी, अंथरुणाला खिळलेला, तिच्याशी पूर्वीपासून अबोला. ती दिवसभर तिथे राहते. चादर बदलते, सदरे धुते, बटणं लावते. काय काम करतेस, असं तो विचारत नाही आणि ती सांगत नाही. सोळा पानांत कोणी कोणाला हातही लावत नाही, एकदा फक्त ती त्याची मान वर उचलून त्याला पाणी पाजते. मालकाच्या नियमाचा असा उघड भंग छापखान्यात कोणी केला नव्हता. शेवटी ती पिशवी उचलून दाराशी येते, आणि तिथे काकांचे तुकडे संपत. शहाण्णवाव्या पानाच्या तळाच्या ओळी नव्हत्या. ती दाराशी असताना बाप काही बोलला का?

हा प्रश्न काकांना जेवताना, चालताना, रविवारी फोन ठेवल्यावर छळायचा. तो तुकडा सापडायला हवा होता. त्याहून मोठं म्हणजे ती पानं ज्याची त्याला परत जायला हवी होती. काकांचं वय सहासष्ट, कॅप्टनचं त्याहून जास्तच असणार. उद्यावर टाकण्यासारखे दिवस दोघांकडेही फारसे नव्हते.

एक पुस्तक मात्र त्यांना कधी मिळालं नव्हतं: ‘दुसऱ्या पाळीतली’ची दुसरी आवृत्ती. तीही त्याच दीड वर्षात बांधलेली. दुकानदाराला किती वेळा सांगितलं असेल. एक दिवस तो वैतागून म्हणाला, “ते सोडून बोला, काका. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. आलं की तिच्यासाठी बाजूला ठेवायचं.”

“तिच्यासाठी?”

“टेलिफोनबाई. एक्स्चेंजमधून रिटायर झालीये. पंचाहत्तरीची असेल. प्रत घेते, इथेच मधलं एक पान उघडते, बघते, मिटते आणि पिशवीत टाकते. दर वेळी तेच. तुम्ही दोघं एकेक नग आहात बघा.”

कुठलं पान, हे काकांना विचारायची गरज नव्हती. कॅप्टनचं बारीक, सरळ अक्षर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाला ते मिशा चिकटवत आले होते, तो पुरुष नव्हताच.

बाई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी यायची. काका साडेआठपासून जिन्याखाली उभे राहिले. हातात पुठ्ठ्याची पेटी; तिच्यात आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत एका कागदाचे, म्हणजे दोन पानांचे, तुकडे ओळीने लावलेले, मागची-पुढची दोन्ही बाजू वाचता यावी असे. बाई आली. बुटकी, काठी टेकत, एका कानात श्रवणयंत्र. काकांनी पंचेचाळीस वर्षं जपलेलं पोस्टकार्ड तिच्यापुढे धरलं. काय बोलायचं ते आठवडाभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

बाईने कार्ड पाहिलं, दोनदा पाहिलं. “इथे नको,” ती म्हणाली. “घरी चला.”

घर म्हणजे दोन खोल्या. ओट्यावर एक कप, एक बशी. कपाटात एका फळीवर ‘दुसऱ्या पाळीतली’ ओळीने, एकोणीस प्रती. काकांनी पेटी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. गड्डी कशी चुकली, पट्ट्या कशा कापल्या, कार्ड आलं तेव्हा तोंड कसं उघडलं नाही. बाईने मधे एकदाही अडवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलेलं, ऐकून घ्यायची सवय असणारच.

“मला वाटलं, मालकाने काढली,” ती शेवटी म्हणाली. “मुद्दाम. आठ पुस्तकं मी त्याच्या नियमाप्रमाणे लिहिली. नवव्यात पहिल्यांदा मला हवं ते लिहिलं, आणि नेमकी तीच सोळा पानं गेली. मी म्हटलं, चला, आपली लायकी कळली. पुन्हा पेन हातात धरलं नाही.” तिने फळीवरच्या प्रतींकडे पाहिलं. “जन्मभर त्या माणसाला शिव्या दिल्या. तो केव्हाच मेला असेल. आणि होतात तुम्ही.”

“हो,” काका म्हणाले.

“एक आकडा नीट बघता आला नाही?”

काकांनी पेटी तिच्याकडे सरकवली.

“निघा,” बाई म्हणाली.

काका निघाले. पेटी टेबलावरच राहिली. सोळा वर्षांचं काम त्या टेबलावर ठेवून ते रस्त्यावर आले, तेव्हा हात इतके रिकामे वाटले की त्यांनी ते खिशात घातले. कबूल केलं की मन हलकं होतं म्हणतात. काकांना तसं काही जाणवलं नाही. उलट आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी एकही पुस्तक आणलं नाही. सकाळी उठायचं, टेबल पुसायचं, आणि पुसलेल्या टेबलासमोर बसायचं. दोन रविवार गेले. “जेवलात का?” “जेवलो.” “औषध घेतलं?” “घेतलं.” दुसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, “आवाज बरा नाही वाटत.” काका म्हणाले, “फोन खराब आहे.”

सोळाव्या दिवशी दुकानदाराने वाटेत गाठलं. “टेलिफोनबाईचा निरोप आहे. हत्यारं घेऊन या म्हणाल्यात. कसली हत्यारं, काका?” त्याच्या चेहऱ्यावर नाही नाही ते विचार दिसत होते. काका कधी नव्हे ते हसले आणि उत्तर न देता घरी पळाले.

बाईने दार उघडलं. टेबलावर आठही चौकटी ओळीने मांडलेल्या होत्या. “वाचलं,” ती म्हणाली. “आता मला वाटतं, काही ठिकाणी जरा लांबलंय. पण बरं लिहायची मी.”

“फार बरं.”

“तो बाप माझाच. मी खरंच गेले होते एक दिवस. सदरे धुतले, बटणं लावली. निघाले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. एक शब्द बोलला नाही. महिन्याभरात गेला.” तिने शहाण्णवाव्या पानाच्या तळाच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. “गोष्टीत मी त्याला बोलायला लावलं होतं. एवढं पक्कं आठवतं. काय बोलायला लावलं, ते मात्र काही केल्या आठवत नाही. त्याचं ते गप्प राहणंच तेवढं लक्षात राहिलंय. तेवढ्यासाठी प्रती घेत होते. वाटायचं, एखादी तरी नीट बांधलेली निघेल.”

काकांनी कपाटाकडे पाहिलं. एकोणीस प्रती, त्यांतल्या तेरा दुसऱ्या आवृत्तीच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

“बाई, ही पुस्तकं उसवावी लागतील.”

“उसवा. त्यांत दुसरं आहे काय? ती नाव!”

काकांनी पिशवीतून खळीचा डबा काढला. बाईने पुस्तकं एकेक करून आणून दिली आणि काका पाठीला खळ फासत गेले. टेबलावर तेरा पुस्तकं पोटावर पडून राहिली. तास गेला. बाईने चहा केला. दुसरा कप शोधायला तिला वरच्या फळीवर हात घालावा लागला, आणि तो धुळीने माखलेला निघाला म्हणून तिने तो दोनदा धुतला. मग काकांनी सुरी घेतली. पहिल्या प्रतीत बटण लावणारी मुलगी, बाविसाव्यांदा. दुसरीत चादर. तिसरीत पुन्हा चादर. चौथी, पाचवी, सहावी, सगळे जुने ओळखीचे. नवव्या प्रतीची पट्टी निघाली तिच्या एका बाजूला खाली बारीक आकडा होता, शहाण्णव.

काकांनी पट्टी टीपकागदावर ठेवली, बोटाने खळ अलगद पुसली आणि न वाचता बाईकडे सरकवली. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, आधी तिने वाचायला हवं होतं.

बाईने चष्मा पुसला. मग मोठ्याने, सावकाश, फोनवर कोणाला नंबर सांगावा तशी वाचू लागली: “ती दाराशी पोचली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, झोपलो नाहीये मी. तू काय करतेस ते मला कळलंय. ते राहू दे. एवढंच सांग, वेळेवर जेवतेस ना?”

तिने ते पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत पोचली नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला, तोंडावर हात घेतला आणि रडू लागली. काका समोर बसून राहिले. त्यांनाही रडू आलं, पण ते त्या बापासाठी नव्हतं. त्यांना त्यांच्या टेबलावरचा फोन दिसत होता.

संध्याकाळपर्यंत काकांनी ते पान पूर्ण केलं. चौकटी सोडवून सोळा पानं एकत्र शिवली, एका प्रतीतून ती नावेतली पानं कापून काढली आणि तिथे ही बसवली. नवी पाठ, नवा पुठ्ठा. बाई म्हणाली, “वर नाव काय घालाल?” काका म्हणाले, “तुम्ही म्हणाल ते.” तिने विचार केला आणि म्हणाली, “राहू द्या कॅप्टनच. सवय झालीये.”

रविवार आला. काका सकाळपासून फोनशेजारी खुर्ची घेऊन बसले. अकराला घंटा वाजली.

“जेवलात का?”

चार वर्षं, दर रविवारी, न चुकता. पलंगाखाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरही तिने हा एक प्रश्न सोडला नव्हता. आणि काका त्याला तीन मिनिटांचा उपचार समजत बसले होते.

“बाबा? ऐकू येतंय का? जेवलात का?”

“नाही गं,” दाभणकाका म्हणाले. “रविवारी मी जेवतच नाही. दर वेळी खोटं सांगतो.”

पलीकडे मागे कुठेतरी धाकटा नातू काहीतरी मागत होता.

“इकडून दुपारची गाडी किती वाजता आहे?” मुलीने विचारलं.

“दीडची.”

“काही करत बसू नका. मी डबा घेऊन येते.”

काकांनी फोन ठेवला, वाकून पलंगाखालची सगळी पुस्तकं बाहेर ओढली आणि टेबलावर, पलंगावर, जमिनीवर पाठी वर करून ओळीने मांडायला घेतली. गोष्ट सुरुवातीपासून सांगायची होती.